डबा मेला का वायर तुटली?

बापू, जो मिस्त्री व्हिडिओ गेमचा डबा न खोलताच 'आता हे होत नाई, नवा घ्या' म्हनते, त्याच्याकून डबा वापस आन. आन जो न खोलताच 'होऊन जाईन' म्हनते, त्याच्याकूनही. टीव्ही, रेडिओ आन पोट्ट्याइचे व्हिडिओ गेम दुरुस्त कराले माही सारी उमर गेली अकोल्यात. डबा जुना हाय का नवा, हे मी कधी पाह्यलं नाई. मेलं काय, थे पाह्यलं.

आपल्याकडं नव्वदीच्या टाइमाले समुराई, लिटिल मास्टर, टर्मिनेटर अशा नावानं जे डबे आले, थे सारे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम डब्याच्या नकला. अस्सल फॅमिकॉम १९८३ चा. निन्टेंडोनं थो बनवनं २००३ मध्ये बंद केलं आन २००७ मध्ये दुरुस्तीही, पार्ट भेटत नाई म्हनून. आपल्या नकलेची गोठ अलग हाय. खोलशीन तं बहुतेक डब्याइत सर्किटच्या पट्टीवर डांबराच्या थेंबावानी काया गोया दिसन. मेन चिप त्याच्याखाली. थे मेली तं कोनीच काही करू शकत नाई. बाकी सारं बाजारात भेटते, आन बापू, मरते बी जास्त करून तेच बाकीचं.

सुरुवात अॅडॅप्टरपासून करजो. दुसरा लावाच्या आधी व्होल्ट पाह्यजो, आन पिनच्या आतली बाजू प्लस का मायनस, हे बी. साऱ्या डब्याइत सारखं नसते. उलटं लावशीन तं चांगला डबा हातानं मारशीन. मंग मिटर घेऊन ७८०५ रेग्युलेटर पाह्य. तीन पायाचा असते, नऊ व्होल्टाचे पाच करते, म्हनून तापते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर, डबा टीव्हीच्या डोक्शावर, आन पोट्टे दुपारभर कॉन्ट्रा खेयतात. थो जयन नाई तं काय? पाच व्होल्ट निघत नसन तं बदलून टाक, चहाच्या पैशात येते. अॅडॅप्टरची पिन जथी खुपसतो, तथीचा टाका बी पाह्यजो, थो हालून हालून सुटते.

दुसरा दुश्मन कुलर. उन्हायात त्याची वली हवा सरळ डब्यावर सोडशीन तं कॅसेटच्या पिना काया पडतात. पोट्टे त्याच्यावर फुका मारतात. फुकेनं चालू झालं असं वाटते, पन कॅसेट काढून परत लावताना पिना घासल्या जातात, म्हनून थे चालते. तोंडाची वल मातर तथीच राह्यते. कापसाले आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुस, सुकू दे, मंग लाव.

रिमोट चालत नसन तं दोन्ही अदलाबदल करून पाह्य. वायर बुडाशीच तुटते, कारन मारिओ उडाला का पोट्टं हातही उडवते. तेवढा तुकडा कापून परत जोडला का झालं.

आन येक राह्यलं, कधी डबा बरा असते, टीव्ही बदलेल असते. नव्या टीव्हीले पिवयी-पांढरी एव्ही पिन नसन तं एव्हीचं एचडीएमआय करनारं छोटं खोकं भेटते. बंदुकीचा मातर मोह सोड. डक हंट गेमची बंदूक पिक्चर ट्यूबच्याच टीव्हीवर चालते, चपट्यावर नाई. तिच्यासाठी डबा बदलून पैसे बुडवू नोको. आन जुन्या टीव्हीची पाठ तू खोलू नोको, ट्यूबीत बंद केल्यावरही मोप व्होल्ट राहू शकतात.

आता हिशेब. माहा हिशेब असा: मजुरी धरून खर्च नव्या डब्याच्या अर्ध्यावर गेला, तं नवा घे. काया गोया मेला असन तं इचारही करू नोको. पन घेताना आपल्या कॅसेटा खिशात घेऊन जाय. फॅमिकॉमची कॅसेट साठ पिनाची. ज्या डब्यात थे दुकानातच लावून चालते, थोच घे. आजकाल शेकडो गेम आतच भरेल, कॅसेटचं तोंडच नसेल असे डबे विकतात. त्याच्यावर किती बी मोठा आकडा छापेल असो, '९९९९९९९ इन १' तुले आठवतच असन, तेच गेम फिरून फिरून येतात.

अमेरिकेतून कोनी एनईएस, म्हंजे फॅमिकॉमचाच अमेरिकी भाऊ, आनेल असन तं थो वेगया. त्याची कॅसेट ७२ पिनाची, आन अॅडॅप्टर १२० व्होल्टाचा. आपल्या २३० मध्ये सरळ खुपसला तं धूर. पन अस्सल डब्यात मोठ्या चिपा अलग-अलग असतात, येकेक बदलता येते, म्हनून थो फेकाचा नाई. जरा जास्त पैसे गेले तरी थो दुरुस्तच कर.

आन मेलेला डबा भंगारवाल्याले देशीन, त्याच्या आधी कॅसेटचं सॉकेट, स्विच आन रिमोटची रबरं काढून ठेवजो. रबरं नवी भेटतात, पन जुन्यावानी दबत नाईत.