चपलेची अ‍ॅलर्जी : तपासणीला किती, मलमांवर वाया किती?

दोन्ही पायांवर नेमकी पट्ट्याखालीच खाज सुटते, पुरळ उठतं, कातडी काळवंडते. मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. असं होत असेल तर गजकर्णाचं औषध घेण्याआधी चपलेवर संशय घ्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील, तर बुरशीची शक्यता जास्त. रबरी स्लिपरच्या पट्ट्याच्याच आकाराचे पांढरे डाग पडले, तर लगेच कोड समजून घाबरू नका. रबरातल्या रसायनांनीही त्वचेचा रंग जातो.

कशाची अ‍ॅलर्जी?
रबर टणक करणारी रसायनं, चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम, तळ चिकटवणारा डिंक आणि बकलातलं निकेल हे नेहमीचे चार संशयित.

डॉक्टरांची फी
प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तुळजापूर, उमरगा यांसारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण ३०० ते ६०० रुपये धरा. जाताना त्रास देणारी चप्पल सोबत न्या.

पॅच टेस्ट
खात्रीचं निदान हिनेच होतं. खासगीत अंदाजे १,५०० ते ४,००० रुपये लागतात. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आधी चौकशी करा. चपलेतले घटक तपासणार का, हेही विचारा.

पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पाठ पुन्हा पाहतात. म्हणजे फेऱ्या तीन, आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. म्हणून आपल्याकडच्या एप्रिल-मेपेक्षा थंडीत टेस्ट करणं सोयीचं.

मलम
स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. दुकानदाराने सुचवलेली ट्यूब महिनोन्‌महिने लावली, तर कातडी पातळ होते आणि मूळ कारण तसंच राहतं.

नवी चप्पल
रबर सोसत नसेल तर पीव्हीसीची चप्पल, साधारण १०० ते ३०० रुपये. क्रोमियमचा त्रास असेल तर प्लॅस्टिक किंवा कापडी पादत्राण. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं झाडांच्या साली आणि हिरड्याने कमावतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारून तीही वापरून पाहता येईल. पण क्रोमचं चामडं नाही, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्या. डिंक नको असेल तर एकसंध साच्यातली घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्केच आहे. बिल मागा.

पुरळ चिघळलं, पू झाला किंवा मधुमेह असेल, तर घरी थांबू नका. एरवी संशयित चप्पल दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि फरक पाहा. सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, ती आजच सुरू करा.