विकावयाच्या घराची निगा

दिल्लीतील आर. के. पुरम ही प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची वसाहत. येथील क्वार्टरमध्ये नोकरीची वर्षे काढणाऱ्या मराठी कुटुंबास दुरुस्तीची फारशी चिंता नसते. नळ गळू लागला की केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ‘इन्क्वायरी’त तक्रार नोंदवावयाची. परंतु कर्ज काढून पुण्यात वा दिल्लीतल्याच द्वारकेत घेतलेल्या, भाड्याने दिलेल्या स्वतःच्या घरास अशी ‘इन्क्वायरी’ नसते. सेवानिवृत्तीच्या सुमारास ते विकण्याचे ठरते, आणि पंधरा वर्षांची दुरुस्ती पंधरा दिवसांत उरकण्याची धावपळ बहुधा रंगाच्या डब्यापाशी थांबते.

ओलीवर रंग देण्याइतका महागडा उपाय दुसरा नसेल. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना क्षारही पृष्ठभागावर आणते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. त्यावरचा नवा रंग काही महिन्यांतच पापुद्रे धरून सुटतो. पाणी गच्चीतून येते, न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांतून की भिंतीतील गंजलेल्या नळातून, हे आधी शोधावे, ते थांबवावे, गिलावा पुरता वाळू द्यावा आणि मगच रंगाऱ्यास बोलवावे. यासाठी एक उन्हाळा हाताशी हवा. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्यास ठाऊक असलेला पण खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. रंगाखाली झाकलेली गळती या व्याख्येत सहज बसू शकते.

खरेदीदार बहुधा कर्ज घेतो, हेही ध्यानात असावे. समजा, सौदा ७० लाखांस ठरला. वाळवी लागलेल्या चौकटी आणि जुनाट वायरिंग पाहून बँकेच्या मूल्यनिर्धारकाने मूल्य ६५ लाख धरले. बँक मूल्याच्या ८० टक्के कर्ज देत असेल तर ५६ ऐवजी ५२ लाखच मिळतील. उरलेल्या चार लाखांसाठी खरेदीदार भाव पाडतो, नाहीतर निघून जातो.

मग दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवावी? महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के वार्षिक वर्गणी सांगितली आहे. ती इमारतीच्या सामाईक भागासाठी. तोच मापदंड घराच्या अंतर्भागास लावण्यास हरकत नाही. बांधकाम खर्च २० लाख असल्यास वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५० रुपयांचे आवर्ती ठेव खाते. भाडेकरू बदलताना घर रिकामे असते. नळ, वायरिंग व खिडक्यांची तपासणी तेव्हाच करून घ्यावी.

प्रत्येक कामाची पावती मात्र जपावी. रंगरंगोटीसारखा नित्याचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होत नाही. घरात कायमस्वरूपी भर घालणाऱ्या सुधारणांचा होतो, आणि त्यासाठी पुरावा लागतो. याच फाइलीत संस्थेच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाची प्रत ठेवावी. त्याच उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावयास हवे. झाले नसल्यास पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी सचिवांना तसे लेखी कळवावे.