‘भूत’ आणि ‘अधिकार’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दोन शब्दांचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मय पदव्युत्तर वर्गात शिकविताना एक अडचण वारंवार जाणवते. शुभवर्तमानांतील भूतग्रस्तांच्या कथा विद्यार्थ्याला अनोळखी वाटत नाहीत, आणि नेमकी तीच अडचण ठरते. हदगावच्या परिसरात तर हे विशेषच घडावे. माहूरचे दत्तक्षेत्र याच नांदेड जिल्ह्यातले. ‘गुरुचरित्रा’चे पारायण, समंध, बाधा, अंगात येणे हे सारे कानावरून गेलेले असते. ‘भूत’ हा शब्द आला की वाचक तो या संस्कारांतूनच वाचतो. मूळ ख्रिस्ती कल्पना मात्र त्याहून पुष्कळ वेगळी आहे.

‘गुरुचरित्रा’च्या विसाव्या अध्यायातील शिरोळच्या ब्राह्मण स्त्रीची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिची मुले जगत नाहीत. पूर्वजन्मी तिने एका शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभराचे ऋण बुडविले होते. त्याने प्राण दिला आणि तोच समंध होऊन तिला छळतो आहे. तो दुष्ट आहे, पण त्याचे म्हणणे निराधार नाही. त्याचे द्रव्य बुडाले आहे, त्याची उत्तरक्रियाही झालेली नाही. श्रीगुरू त्याला नुसते हाकलून देत नाहीत; त्या स्त्रीकडून उत्तरक्रिया करवून देण्याची व्यवस्था लावतात, आणि मगच त्याला गती मिळते. हा एका अर्थी निवाडाच होय. भूत म्हणजे मेलेला माणूस, आणि त्याची काही मागणी असते, हे आपल्या लोकसमजुतीचे मूळ सूत्र येथे स्वच्छ दिसते. ‘भूत’ या शब्दातच ‘होऊन गेलेले’ हा अर्थ आहे.

शुभवर्तमानातील ‘अशुद्ध आत्मे’ हे मृत माणसांचे आत्मे नव्हेत. ख्रिस्ती परंपरेने त्यांना पतित देवदूत मानले. त्यांचे कोणाकडे ऋण नाही, कोणी त्यांचा अपराध केलेला नाही. माणसावर त्यांचा काडीचाही हक्क नाही. म्हणूनच येशू त्यांच्याशी तडजोड करीत नाही. उतारा नाही, बळी नाही, मंत्र नाही, आज्ञा आहे. ‘काय हवे?’ हा देवर्षीचा ठरलेला प्रश्न या कथांत कोठेही विचारलेला नाही. मराठी अनुवादकांनी ‘अशुद्ध आत्मा’ आणि ‘भूत’ असे दोन्ही शब्द योजले. वाचकाच्या मनात राहिला तो दुसरा.

‘अधिकार’ या शब्दाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ग्रीक मूळात ‘ड्युनामिस’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘एक्झूसिया’ म्हणजे आज्ञा करण्याची मुभा, असा भेद आहे. दुसऱ्यासाठी मराठीत ‘अधिकार’ आला. परंतु आपल्या परंपरेत अधिकार हा पात्रतेने येतो. ‘अधिकारी पुरुष’ म्हणजे तप, साधना, गुरुकृपा यांनी सिद्ध झालेला पुरुष. शुभवर्तमानात असे काही नाही. लूकच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी बारा शिष्यांना भुतांवर अधिकार मिळतो, आणि त्याच अध्यायात पुढे एका मुलाचे भूत त्यांना काढता येत नाही! अधिकार दिलेला आहे, अंगी मुरलेला नाही. देणाऱ्यापासून तुटला की तो उरत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’मधील स्किवाच्या सात मुलांची फजिती याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखविते. ते येशूचे नाव मंत्रासारखे वापरून पाहतात. भूतग्रस्त मनुष्य त्यांच्यावरच झडप घालतो आणि ते उघडे, घायाळ होऊन पळत सुटतात. शिष्य विजयाच्या आनंदात परततात तेव्हाही, भुते वश होतात याचा आनंद मानू नका, असेच त्यांना बजावले जाते.

हा विवेक मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने सर्वत्र सांभाळला असे म्हणता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त पतित दूतांसाठी ‘देवचार’ हा शब्द येतो. गोव्याच्या लोकधर्मात देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. त्याला सैतानाच्या पंक्तीला बसविणे हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न नव्हता. साष्टीतील देवळे त्याआधी काही दशकेच पाडली गेली होती. ओवीवर स्टीफन्सचे प्रभुत्व निर्विवाद आहे. तथापि जो अधिकार दुष्टात्म्यांवर चालावयाचा, तो राज्यसत्तेच्या बळाने शेजाऱ्याच्या श्रद्धेवर चालविला गेला. त्या सावलीतच हे काव्य लिहिले गेले, हे अभ्यासकाने विसरू नये.

आज या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळदंडाने बांधणे, मारहाण करणे हे गुन्हे म्हणून नोंदविले आहेत. भूत उतरविणारा कोणत्या धर्माचा, हा भेद तेथे नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायातही साखळदंड आहेत. थडग्यांमध्ये राहणाऱ्या त्या माणसाला ते लोकांनी घातले होते. येशू येतो तेव्हा तो साखळ्या तोडून, स्वतःला दगडांनी ठेचीत हिंडत असतो. कथेच्या शेवटी तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो. सुमारे दोन हजार डुकरे तळ्यात बुडालेली असतात. भयभीत झालेले गावकरी येशूलाच आपल्या प्रदेशातून निघून जाण्याची विनंती करतात.