स्तन्यकालीन अनार्तव : औषधयोजनेपूर्वीचा विचार

“बाळ आठ महिन्यांचे झाले, पाळी आली नाही, ती आणणारे औषध द्या,” ही मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात वारंवार होते. अशा वेळी रजःप्रवर्तिनी वटीकडे हात सहज जातो. तत्पूर्वी बीजकोषात काय घडत असते, ते पाहणे अगत्याचे आहे.

इस्ट्रोजेनची निर्मिती दोन टप्प्यांत होते. एल. एच. या संप्रेरकाच्या प्रेरणेने बीजपुटकाच्या बाहेरील थीका पेशींतील विकर कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन बनवतात. आतील ग्रॅन्युलोसा पेशींतील अरोमाटेज हे विकर एफ. एस. एच.च्या प्रेरणेने त्याचे इस्ट्रोजेन करते. बाळाच्या स्तनपानाने मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांमुळे एल. एच.चे नियमित स्पंदन मंदावते. एफ. एस. एच. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत पूर्ववत होते, बीजपुटकेही वाढू लागतात. परंतु अँड्रोजेनच अपुरे असल्याने अरोमाटेजला काम उरत नाही. इस्ट्रोजेन वाढत नाही, बीजोत्सर्ग होत नाही.

स्तन्य आणि रज हे दोन्ही रसधातूचे उपधातू होत. स्तन्यप्रवृत्ती चालू असताना रजाचे अदर्शन हा व्याधी नव्हे, हे आपणांस परिचितच आहे.

वरचे अन्न सुरू होऊन स्तनपान कमी झाले की एल. एच.चे स्पंदन पूर्ववत होते, ही साखळी पुन्हा जुळते आणि बीजोत्सर्ग होतो. येथेच सावधगिरी हवी. बीजोत्सर्ग पहिल्या रजोदर्शनापूर्वीच होऊ शकतो. म्हणजे पाळी न येताच गर्भ राहू शकतो. बाळ ६ महिन्यांच्या आतील, आहार पूर्णतः स्तनपानाचा आणि पाळी न आलेली, या तिन्ही अटी पूर्ण असतील तरच गर्भसंभव २ टक्क्यांहून कमी असतो, असे १९८८ च्या बेलाजिओ येथील तज्ज्ञसंमतीने सांगितले. एकही अट सुटली की हे संरक्षण गृहीत धरू नये.

म्हणून आठ महिन्यांच्या बाळाच्या मातेस आर्तवजनन औषध देण्यापूर्वी मूत्रावरील गर्भपरीक्षा अवश्य करावी. ती नकारात्मक आली तरी संशय असल्यास एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. कासीस, हिंग, टंकण व एलवा यांची ही वटी गर्भिणीस वर्ज्य आहे. औषधविक्रेत्या बांधवांनीही ती केवळ मागणीवरून न देता रुग्णेस वैद्याकडे पाठवावे. गर्भ नसल्यास, अन्य तक्रार नसताना, मातेस धीर देणे, तिचा आहार पाहणे आणि गर्भनिरोधाचा सल्ला देणे हीच येथे युक्त चिकित्सा होय.