पहिली सोनोग्राफी चांगली आली, तरी दर तीन महिन्यांनी का?

वजनदार बाळ जन्मलं की वस्तीत कौतुक होतं. बहुतेक वेळा ते कौतुक रास्तच असतं. आईला मधुमेह असेल तरीही बाळ मोठं होतं. पण काही मोजक्या बाळांत वाढीवरचा ताबा पोटात असतानाच सुटलेला असतो. त्यातला एक आजार म्हणजे बेकविथ-वीडेमान सिंड्रोम. साधारण दहा ते चौदा हजारांत एका बाळाला तो होतो. अकराव्या गुणसूत्रावरच्या वाढीच्या जनुकांतील बिघाड हे त्याचं कारण. ग्रहणाचा किंवा आईच्या खाण्यापिण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सासूबाईंनाही सांगा.

जीभ मोठी, तोंडाबाहेर येणारी. बेंबी फुगलेली किंवा तिथून आतडं बाहेर आलेलं. कानाच्या पाळीवर चीर. एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा जाड. सगळ्या खुणा एकाच बाळात दिसतील असं नाही. अशा बाळाची रक्तातली साखर पहिल्या काही दिवसांत एकदम उतरू शकते. बाळ सुस्त पडलं, थरथरलं, दूध ओढेना, तर सोनोग्राफीची वाट पाहू नका. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर आधी तपासायची.

निदान डॉक्टर खुणा पाहून आणि जनुकांची तपासणी करून करतात. मात्र ही तपासणी कधी कधी आजार असूनही निर्दोष येते. पोटाच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडं, यकृत वाढलंय का ते दिसतं. पण तिचं खरं काम पुढेच आहे. या मुलांना लहानपणी मूत्रपिंडाची गाठ (विल्म्स) किंवा यकृताची गाठ होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, आणि सुरुवातीची काही वर्षं एएफपी ही रक्ततपासणी. बहुतेक मुलांना गाठ होतच नाही. पण झालीच, तर ती बोराएवढी असताना सापडणं आणि पोट फुगल्यावर सापडणं यात फार अंतर आहे. लवकर सापडलेली विल्म्स गाठ बहुतेकदा बरी होते.

“रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला?” असं म्हणून घरं इथेच थांबतात. आजचा रिपोर्ट आजपुरताच असतो. सोनोग्राफीत किरणं नसतात, फक्त ध्वनिलहरी असतात; वारंवार केल्याने बाळाला इजा होत नाही. संशय आला तरच एमआरआय किंवा सीटी लागतं.

आशाताईंना खुणा दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणीसाठी पाठवता येतं. कामासाठी गाव सोडताना फाईल सोबत ठेवा. मूत्रपिंडाचं मागचं माप समोर असलं की नव्या डॉक्टरांना फरक लगेच कळतो.