भाटघर परिसराचा नकाशा : रेषांमागील भूमी

पुणे जिल्ह्याच्या भोर व वेल्हे भागात सह्याद्रीची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून पदर तयार झाले आणि माथ्यावर रायरेश्वरासारखी सपाट पठारे उरली. रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजणमावळ ही शिवकालीन विभागांची नावेही खोऱ्यांचा व डोंगराळ मुलखाचा निर्देश करतात.

शास्त्रीय मोजणी

भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ मध्ये झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. शिखरांची स्थाने निश्चित झाली, की त्यांच्या आधारे मधला प्रदेश प्लेन टेबलावर रेखाटला जाई. जुन्या नकाशांत डोंगर बारीक रेघांनी दाखवीत; त्यांवरून नेमकी उंची कळत नसे. समोच्च रेषांनी ही उणीव दूर केली. समुद्रसपाटीपासून समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा ती समोच्च रेषा होय. रेषा एकमेकींना बिलगल्या तर कडा, दूर गेल्या तर पदर आणि दाट रेषांच्या वेढ्यात मोकळी जागा असेल तर पठार समजावे. खात्याच्या जुन्या क्रमांकपद्धतीत तोरणा ४७ एफ/११ या पत्रकावर, तर भाटघर ४७ एफ/१६ वर येते.

पाण्याने आखलेली रेषा

जलाशयाचा काठ हीही एक समोच्च रेषाच असते. वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाअखेर पहिले धरण झाले. पुढे अधिक उंच असे लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याचा जलाशय आज येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. पाण्याची रेषा वर सरकली, तसा खोऱ्यातील शेतजमिनीचा आणखी एक पट्टा बुडाला. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडील शेती भिजली. तिचे मोल या रेषेखालील कुटुंबांनी मोजले.

उन्हाळ्यात पाणी ओसरले, की वेळवंड येथील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. उरलेल्या खोऱ्याची ओळख मात्र धरणापूर्वीच्या नकाशांतूनच होऊ शकते. जुने पत्रक आजच्या नकाशाशी ताडून पाहिल्यास बुडालेल्या वाटा, वस्त्या व रानांची स्थाने हाती येतात. शाळांनी असा अभ्यास हाती घ्यावा आणि वृद्ध ग्रामस्थांना विचारून शेतांची, ओढ्यांची व खिंडींची नावे त्यावर नोंदवावीत. मोजणीत न आलेली ही माहिती आज केवळ त्यांच्याच स्मरणात आहे.