पॅनवरचा दुसरा हात



सर्वसाधारण सभेत कामगारांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक आवाज हमखास येतो, "आधी उसाले भाव द्या, मंग शाळा काढा!" बोलणाऱ्याचे आम्ही चूक मानत नाही. म्हणून भावाचाच हिशेब आधी मांडू.

2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी ठरवली होती. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये जास्त. उतारा खाली आला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत तेवढेच कमी. म्हणजे टनाला 33 रुपये 20 पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे झाले 3,320 रुपये. कारखान्याच्या बाजूने पाहिले, तर दर एक लाख टन गाळपामागे 0.1 टक्का म्हणजे 1,000 क्विंटल साखर. 2019 साली ठरलेला 31 रुपये किलोचा किमान विक्री दर धरला तरी ती 31 लाखांची होते.

आता कोणी म्हणेल, उतारा तर शेतात ठरतो. अगदी खरे. कारखाना उसात साखर घालत नाही, तो फक्त हरवतो, कोणी कमी, कोणी जास्त. आणि ती कुठे हरवते, हे यंत्रापेक्षा त्यावरच्या माणसावर पुष्कळ अवलंबून असते.

पॅनचेच घ्या. रस चुन्याने निवळला, आटला, त्याचा सिरप झाला, की पॅनमध्ये निर्वाताखाली त्याचा दाणा बांधायचा. पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. दाणे एकसारखे वाढताहेत का, हे त्याचा डोळा सांगतो. पाक वाजवीपेक्षा घट्ट झाला की आपोआप नवे बारीक दाणे उठतात. हा खोटा दाणा सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून निसटून मळीत जातो. तो विरघळवायला पाणी मारावे, तर वाफ जाते आणि वेळही जातो. बॉयलरवर प्रमाणपत्रवालाच माणूस हवा, असा कायदा आहे. पॅनला तसे सरकारी बंधन नाही, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एका कारखान्यातली गोष्ट, नाव सांगायचे कारण नाही. ऐन जानेवारीत जुना पॅनमन आजारी पडला. हाताखालचा पोरगा पाच वर्षे त्याच्या शेजारी उभा होता, पण पाहत होता ते फक्त वाल्व्ह उघडणे आणि बंद करणे. केव्हा उघडायचा, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हातारा सांगत नव्हता, कारण सांगितले तर आपली किंमत कमी होईल ही भीती. तिथल्या व्यवस्थापनानेही कधी विचारले नाही. आठ-दहा दिवस मळीची शुद्धता चढलेली राहिली. प्रयोगशाळेच्या वहीत रोज आकडे लिहिले जात होते. दोष त्या पोराचा होता, असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की शिकवण्याचा काळ बिगरहंगाम. हंगामी कामगारांना त्या महिन्यांत रिटेन्शन आपण देतोच. गडी घरी बसतो, आणि हंगामाला पुन्हा जसाच्या तसा येतो. त्याच महिन्यांत ओव्हरहॉलिंग चालते: मिलचे रोलर उतरलेले, पंप उघडलेले, जाळ्या सुटलेल्या. यंत्राचे पोट उघडे पडलेले वर्षातून एकदाच दिसते. बॉयलिंग हाऊसचे लोक तेव्हा मिलवर आणि मिलचे लोक बॉयलिंग हाऊसमध्ये फिरवले, तर इंबिबिशनचे पाणी वाढले की पुढे आटवायला किती वाफ लागते आणि कमी पडले की बगॅसमध्ये साखर कशी राहते, हे दोघांनाही समजेल. जुन्या पॅनमनला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यावा. मग त्याची भीती जाईल.

बाहेर पाठवायचे तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 साली ऊसउत्पादकांच्याच सहकारातून ती उभी राहिली, आणि कारखाने गाळपाच्या टनामागे तिला वर्गणी देत आले आहेत. म्हणजे वर्गणी भरायची आणि वर्गात बसायचे मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या पोरांनी, असे कशाला? शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा आहे. आयटीआयचे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घ्यावेच लागतात, आणि 2016 पासून केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग मिळतो. पण त्यांना झाडू मारायला आणि चहा आणायला ठेवले, तर ते शिकणार तरी काय?

चिटबॉयला विसरू नये. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात वाळला की साखर तिथेच कमी होते. इसापूरच्या पाण्यावर वर्षभर वाढवलेला माल, तोडीची चिठ्ठी कोणाला कधी द्यायची हे न समजणाऱ्या पोराच्या हाती आपण सोपवतो. त्याला दोन आठवडे शेतकी खात्याने नीट बसवून शिकवले, तर फायदा सरळ तुमच्या वजनकाट्यावर दिसेल.

"शिकवला अन् पळाला तर?" पळतील काही. सांगली-कोल्हापूरकडे जास्त पगार मिळतो, हे खरेच आहे. बाँड लिहून घ्यावा, असे काहींचे मत आहे. आम्हाला ते पटत नाही. शिकून आलेल्याला वरची श्रेणी आणि पाळीची जबाबदारी मिळाली, तर गावचा पोरगा सहसा गाव सोडत नाही. न शिकवलेला मात्र नक्की इथेच राहतो, आणि पॅनवरही तोच राहतो. आपल्या तालुक्याने बंद धुराडे पाहिलेले आहे. तेव्हा जाणती माणसे कशी पांगतात, हेही पाहिले आहे.

सहकारात मालक तुम्ही आहात, म्हणून हा खर्च मंजूर करणारेही तुम्हीच. पुढच्या वार्षिक सभेला अहवाल हातात आला, की प्रशिक्षणाचे खाते वेगळे दाखवले आहे का ते पाहा. नसेल तर उभे राहून विचारा: यंदा मांजरीला किती गेले, शिकून आलेल्यांना कोणते काम दिले, आणि प्रत्येक पाळीला पॅनवर दुसरा जाणता हात कोण आहे?